मेंढवाड्यावरचं घर

घर बांधून पुरं झालं, वास्तुशांत झाली, पाहुणे जेवून गेले, आणि संध्याकाळी आबांनी आपली घोंगडी उचलून अंगणात नेऊन टाकली. ज्या माणसासाठी मी हा सगळा खटाटोप केला होता, तोच छताखाली यायला तयार नव्हता.

आबा म्हणजे माझे वडील. जन्मभर त्यांनी मेंढरं राखली. पावसाळ्याचे महिने आमच्या गावी, निरवांगीत, आणि दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणाच्या वाटेला. मी त्या वाटेला गेलो नाही. शिकलो, वालचंदनगरला कंपनीत फिटर म्हणून लागलो आणि क्वार्टरमध्ये राहू लागलो. नव्वद साल उजाडता उजाडता आबांचे गुडघे गेले. पुढं कळप चालवणारं घरात कुणी नव्हतं. त्यांनी मेंढरं नीरेपलीकडच्या एका मेंढक्याला विकली. त्या पैशात गावी पक्कं घर बांधायचं ठरलं. मला त्याचा केवढा आनंद! कारण क्वार्टरच्या भिंतीत साधा खिळा ठोकायचा तरी कुणाला तरी विचारावं लागायचं. आणि दुसरं म्हणजे, ज्याची उभी हयात आभाळाखाली गेली, त्याच्या म्हातारपणी डोक्यावर स्लॅब असावा, असं मला मनापासून वाटत होतं.

जागा आबांनीच दाखवली. आमच्या वस्तीमागं काट्याच्या कुंपणाचा मेंढवाडा होता. पावसाळ्यात कळप तिथंच बसायचा. आबांच्या आधी त्यांच्या वडिलांचा, त्यांच्याही आधीच्यांचा.

“घर हितंच. हितं लक्ष्मी बसलीया,” आबा म्हणाले.

आमच्या लोकांत कळप बसलेल्या जागेला देवळाच्या ओट्याइतका मान. मलाही जागा आवडली. पिढ्यान्‌पिढ्या खुरांनी तुडवून जमीन घट्ट झालेली. शिवाय मी माझी अक्कल वर चालवली. पाया खणताना त्या घट्ट थराखालून निघालेली काळी, मऊ माती पाहून म्हटलं, जोत्यात भरायला दुसरीकडून मुरूम कशाला आणायचा? हीच भरू. एखाद्या बागायतदाराने ती माती डोक्यावर घेऊन शेतात नेली असती. आम्ही मेंढरंवाले, आम्ही तिच्यावर घर बांधलं.

वीटकाम गवंड्याने केलं. बाकीचं रविवारी आणि रजा टाकून मी. कंपनीत लोखंडाची मापं केसाइतकी जुळवणारा मी, त्यामुळं विटा-मातीचं काम म्हणजे काय मोठंसं, अशी माझी समजूत. मागच्या खोलीची खिडकी मी स्वतः बसवली. ओळंब्यात, नळीत पाणी भरून लेव्हल बघून, अगदी झोकात. फक्त वर गिलाव्याचा थर चढणार आहे, हे विसरलो. गिलावा झाल्यावर झडपा अर्ध्यावरच अडायच्या. आई येता-जाता म्हणायची, “खिडकी लाजतीया बग.” शेवटी छिन्नी घेऊन कडा फोडल्या. त्यातून एक धडा शिकलो, चौकट बसवताना भिंत आज कशी आहे ते बघायचं नसतं, ती पुढं किती जाड होणार ते बघायचं असतं.

ती मागची खोली आबांची. पण आबा अंगणात.

“छताखाली जीव घुसमटतो रं,” ते म्हणायचे. पाऊस आला तरी घोंगडीची खोळ घेऊन बाहेरच्या आडोशालाच बसायचे. त्यांच्यापाशी आमचं म्हातारं कुत्रं. कळपाबरोबर राखणीला असायचं, कळप गेल्यावर आबांपाशी उरलं. थंडीत आबांची छाती भरली. बारामतीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की म्हाताऱ्याला उघड्यावर झोपू देऊ नका, अशा फार थंड्या निघणार नाहीत. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट. आबांना आत आणायचं.

आणि पहिल्याच पावसाळ्यात नेमकी त्यांच्याच खोलीची मागची भिंत बिघडली.

आधी घोट्याइतक्या उंचीवर ओलीची रेघ आली. मग ती गुडघ्यापर्यंत चढली. रंगाचे पोपडे सुटले, गिलावा भुसभुशीत झाला आणि त्यावर पांढरी, कापसासारखी लव धरली. याला आमच्याकडं लोणा म्हणतात, भिंतीतला खार बाहेर पडतो तो. लोणा मी खूप पाहिला होता. कालवे आल्यापासून आमच्या भागात जमिनीच खारवट होत चालल्या होत्या, भिंतींचं काय घेऊन बसलात! पण या भिंतीला वास येत होता. दिवेलागणीला, हवा कोंदली की, खोलीत ओल्या लोकरीचा, लेंड्यांचा, नुकत्याच पाजलेल्या कोकरांच्या तोंडाचा वास भरायचा.

एकदा आई पाण्याची घागर घेऊन आत आली आणि सवयीनं बोलून गेली, “मेंढरं आली व्हय रं?”

बोलली आणि जागीच थांबली. मी तिच्याकडं बघितलं, तिने माझ्याकडं. घागर खाली ठेवून ती चुलीकडं निघून गेली.

कुत्रंही तिथंच. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला नाक टेकून बसायचं आणि शेपटी हलवायचं. आबा लांबून बघायचे. खोलीच्या उंबऱ्याला ते पाय लावेनात.

“ती हितंच हायती,” एकदा ते हळूच म्हणाले. “म्या इकली. पर ती गेली न्हायती.”

मी चिडलो. “आबा, ओल हाय ती. ओल! कालव्याचं पाणी मुरतंय.”

दिवाळी झाली, हवा कोरडी पडली आणि भिंत आपोआप वाळली. वास गेला. आबांनी अंगणातूनच भिंतीकडं बघितलं आणि म्हणाले, “कोकनात गेली.”

माझ्या अंगावर काटा आला. आणि काटा आला म्हणून मला स्वतःचाच राग आला. खरंच, कळप जितके महिने गावात असायचा तितकेच महिने ती भिंत ओली राहत होती. कोरडं कारण मला ठाऊक होतं, पावसाळा आणि पावसाळ्यानंतरची उघडीप. पण संध्याकाळच्या वेळी त्या खोलीत एकट्याने उभं राहिलं की कारणं आठवायची नाहीत. पाठीमागं काहीतरी एकमेकांना घासून दाटीवाटीनं बसलंय, असं वाटायचं.

मग मी भिंतीच्या मागंच लागलो. पहिल्या वर्षी गिलावा खरवडून वर चांगला जाड सिमेंटचा थर दिला. पुढच्या पावसाळ्यात ओल गुडघ्यावरून मांडीपर्यंत आली. सिमेंट ओलीला बाहेर पडू देत नाही, मग ती वर वाट काढते, हे मला तेव्हा कुठं माहीत होतं! नंतर डांबर फासलं. डांबराचे फुगे आले आणि फुटले. हातापायाला लागलेलं डांबर काढायला मी आईचं अर्धा डबा रॉकेल संपवलं आणि वर बोलणी खाल्ली. मग शहाबादी फरशा भिंतीला खालून चिकटवल्या. ओल फरशांच्या वर डोकं काढून उभी. घरामागं चर खणून कालव्याचं पाणी अडवायला गेलो, तर चर ठणठणीत कोरडा. दर वर्षी मी भिंत सारखी करायचो, आबांना म्हणायचो, “आता बगा, यंदा कायबी व्हायचं न्हाय, आत या.” दर वर्षी भाद्रपदात ते अंगणातून खोकत मला विचारायचे, “आली न्हवं?”

हे विचारताना त्यांच्या आवाजात भीती असायची, असं मला तेव्हा वाटायचं.

मग ती सकाळ आली. पाऊस सरत आला होता. मी सुट्टीला घरी होतो आणि मागच्या भिंतीशी बसून पुन्हा एकदा गिलाव्याचा माल कालवत होतो. रस्त्यानं कळप चालल्याचा आवाज आला. घंटा, खुरं, मेंढक्याची शीळ. आमच्या बाजूनं अधूनमधून कळप जायचेच, मी मान वर केली नाही. पण आवाज पुढं जायच्या ऐवजी जवळ आला. वर बघतो तर पुढची मेंढरं रस्ता सोडून आमच्या वस्तीत घुसली होती आणि त्यांच्यामागं सगळा कळप वळला होता. मेंढका काठी आपटत ओरडतोय, मेंढरं ऐकायला तयार नाहीत. माझ्या अंगावरून, कालवलेल्या मालातून तुडवत ती सरळ मागच्या भिंतीला भिडली. आणि भिंत चाटायला लागली. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकमेकांच्या पाठीवर माना टाकून. त्या चाटण्याचा खसखस आवाज अजून माझ्या कानात आहे.

आबा उठले. गुडघ्यांवर हात देत, काठी न घेता आले. मेंढका त्यांना बघून ओशाळला. आमचा कळप विकत घेतला होता तोच तो.

“आबा, न्हेमी ह्या अंगानं न्हाय येत,” तो म्हणाला. “तिकडचा पूल दुरुस्तीला काढलाय, म्हनून हिकडनं घातली. पर रस्त्याला लागल्यापास्नं धावायलाच लागली बगा.”

आबांचं त्याच्याकडं लक्षच नव्हतं. त्यांनी एका म्हाताऱ्या मेंढीचा कान धरला, त्यावरच्या कापलेल्या खुणेवरून अंगठा फिरवला. तिने मान वळवून त्यांचा हात हुंगला आणि परत भिंत चाटायला लागली.

मेंढक्यानं कसाबसा कळप बाहेर काढला. मी पळत खोलीत गेलो, छिन्नीनं गिलाव्याचा तुकडा उडवला, आतल्या पांढऱ्या लवेला जीभ लावली. खारट. मग जोत्याचा कोपरा उकरला. आतली माती काळी, ओली, आणि तोच वास. डोक्यात लख्ख उजेड पडला. कालवा नव्हे, काही नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या कळपाचं मूत त्या मातीत जिरलं होतं, त्यातला खार पावसाळ्याची ओल घेऊन भिंतीत चढत होता. ती माती मीच तर जोत्यात कोंबली होती! इतकी वर्षं छळणारं कोडं सुटलं म्हणून मी आनंदानं ओरडत अंगणात गेलो.

“आबा, भूतबीत कायबी न्हाय! मीठ हाय ह्ये. मेंढरांच्या मुताचं मीठ. मातीतनं भिंतीत चढतंय. म्हनून मेंढरं चाटत हुती, म्हनून वास येतोय. कळलं का?”

आबा माझ्यामागं चालत आले. पहिल्यांदाच त्यांनी त्या खोलीचा उंबरा ओलांडला. भिंतीपाशी वाकले, नखानं लव खरवडली, जिभेवर ठेवली. बराच वेळ तोंड हलवत राहिले. मग माझ्याकडं वळून अगदी साधेपणानं म्हणाले, “मंग म्या दुसरं काय म्हनत हुतो?”



त्याच संध्याकाळी त्यांनी घोंगडी आत आणली. मी कॉट खिडकीपाशी लावली होती, ती त्यांनी ओढून मागच्या भिंतीला टेकवली. “आता भिंतीला हात लावायचा न्हाय,” एवढंच बोलले. मी छिन्नी, थापी सगळं गोळा करून ठेवून दिलं. मला हवं होतं ते मिळालं होतं, आबा छताखाली आले होते.

पुढचे काही हिवाळे त्यांनी आतच काढले. पावसाळ्यात कुशीवर वळून भिंतीवर तळवा ठेवून पडायचे. कधी कधी पुटपुटायचे, “सर की गं, किती दाटी करतीस.” मी दारातून ऐकायचो आणि आत जायचा धीर व्हायचा नाही. दिवाळीनंतर भिंत वाळली की चार दिवस त्यांना अन्न गोड लागायचं नाही. त्यांच्या पाठीचा आणि डोक्याच्या तेलाचा डाग भिंतीवर पडला होता, खाराच्या पांढऱ्या काठात. ते गेले ते ऐन थंडीत, भिंत कोरडी असताना. आई रडत रडत म्हणाली, “वाटंला लागल्यात मेंढरं, त्यांच्यामागं गेलं बगा.”

पुढच्या उन्हाळ्यात मी भिंत दुरुस्त केली. करणं भाग होतं. खालच्या विटा खारानं खाऊन पिठासारख्या झाल्या होत्या आणि त्याच खोलीत आता आई झोपत होती. या वेळी घाई केली नाही. जोत्यातली सगळी काळी माती काढून शेतात पसरली, तिच्या जागी मुरूम भरून धुमसानं ठोकून घट्ट केला. खालच्या विटा थोड्या थोड्या काढायच्या, तिथं ओल अडवायला जाड प्लॅस्टिकचा पट्टा सरकवायचा, नव्या विटा घट्ट बसवायच्या, त्या पक्क्या झाल्या की मगच पुढच्या काढायच्या. वरून सिमेंट नाही, चुन्याचा गिलावा, म्हणजे भिंत श्वास घेते. तेलकट डाग खरवडताना हात थांबला होता. तरी खरवडला, त्याच्याखाली विटाच उरल्या नव्हत्या.

पावसाळा आला. श्रावण गेला, भाद्रपद आला. दर सुट्टीला गावी गेलो की मी आधी त्या खोलीत जायचो आणि भिंतीला तळवा लावायचो. कोरडी. जमिनीशी वाकून वास घ्यायचो. नुसता चुन्याचा वास.

“झ्याक काम केलंस,” आई म्हणाली. मग दिवेलागणीला ती घागर घेऊन आत आली, उंबऱ्यात थांबली आणि भिंतीकडं बघत राहिली.

“आली न्हाईत व्हय रं?” तिने विचारलं.

मी बाहेर गेलो. हौदातून बादली भरली आणि भिंतीच्या मुळाशी ओतली. दुसरी ओतली. तिसरी. पाणी मातीत जिरत गेलं. मग मी आत येऊन आबांच्या कॉटवर बसलो, भिंतीला पाठ लावून, आणि अंधार पडेपर्यंत वाट बघितली. भिंत कोरडीच राहिली. काम पक्कं झालं होतं.