तुसातल्या कण्या

नव्वदच्या सुमारास मी कर्करोगावर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत होते. जंतुसंसर्गाने जागी झालेली प्रतिकारशक्ती गाठीवरही तुटून पडते का, हे आम्ही उंदरांवर तपासत होतो. त्यांच्या पिंजऱ्यात अंथरायला भाताचा तूस पनवेलच्या एका गिरणीतून यायचा.

एकदा, ज्यांना जंतू टोचलेच नव्हते, ते उंदीरही आजारी पडले. तुसात तांदळाच्या कण्या सापडल्या. तूस निर्जंतुक करताना त्या वाफेवर शिजायच्या आणि पिंजऱ्यात आंबायच्या. सहा महिन्यांचं काम वाया गेलं. मी तणतणत गिरणी गाठली.

पोती भरणारा म्हातारा अनवाणी होता. पापण्यांवर तुसाची धूळ. त्याने लगेच कबूल केलं.

"मीच टाकतो, पोत्यामागं मूठभर. नुसत्या तुसावर कुठला जीव ठेवतात काय?"

मी त्याला सगळं समजावलं, जरा चढ्या आवाजातच. तो तूस चाळवत ऐकत राहिला. मग म्हणाला, "तुमचा काम झाला की त्यांचा काय करता?"

"मारावं लागतं. गाठ कापून बघायची असते."

त्याचा हात थांबला. "मंग आधी सांगायचा व्हता, बाय. दोन मुठी टाकल्या असत्या."

पुढची पोती स्वच्छ चाळून आली. एकही कणी नव्हती.

तेव्हापासून शेवटच्या दिवशी, मोजमापं उरकली की मी प्रत्येक पिंजऱ्यात घरच्या कण्या टाकायचे. दोन मुठी. प्रयोगाच्या वहीत याची नोंद नाही.