आधी टकटक, मग काकू

काकूंच्या चिरंजीवांना मी फोनवर फक्त एवढंच म्हणालो, "काही काळजी करू नका, साप काल आपला आपण निघून गेला."

खरं तर फोन मी उचलायचं काही कारण नव्हतं. पण काकू एका पँटची कंबर सैल करत होत्या, त्यांच्या ओठांत टाचण्या होत्या आणि त्यांनी भुवईनंच मला फोन घ्यायला सांगितलं. चिरंजीवांनी विचारलं, "आई कशी आहे?" मी म्हणालो, "मजेत!" इथं थांबायला हवं होतं. पण चांगली बातमी द्यायला लागलं की मला आवरत नाही. काकूंनी टाचण्यांच्या फटीतून "हं हं हं" केलं. मला वाटलं दुजोरा देताहेत, म्हणून सापाची लांबीही सांगून टाकली.

मग चिरंजीव म्हणाले, "रविवारी येतो. आईला न्यायला."

काकूंनी ओठांतली एकेक टाचणी काढून टाचण्यांच्या छोट्या गादीत टोचली. प्रत्येक वेळी बघत मात्र माझ्याकडे होत्या.

"झालं समाधान?"

"काकू, तो काळजीनं विचारत होता हो."

"काळजी त्याला, आणि चौथ्या मजल्यावर जायचं मी!"

भानगड अशी होती. मागे एकदा न्हाणीघरात साप निघाला, तेव्हा चिरंजीवांनी आईकडून शब्द घेतला होता: पुन्हा साप निघाला की बऱ्या बोलानं शहरातल्या त्यांच्या फ्लॅटवर राहायला यायचं. काकूंनी शब्द दिला आणि लगेच त्याला पळवाटही शिवून टाकली. साप काय, निघतच असतात. कोणी सांगितलं, तरच तो 'निघाला' म्हणायचा. इतके दिवस कोणी सांगितलं नव्हतं.

घर गल्लीच्या टोकाला. त्यानंतर कुंपण आणि कुंपणानंतर झाडंच झाडं. खाली काकू, वर भाड्यानं मी. पलीकडच्या लाकडाच्या वखारीत मी कारकुनी करतो. काकूंचं शिवणाचं मशीन झाडांकडच्या खिडकीशी. नवीन कपडे त्या शिवत नाहीत. लोकांचे जुने सैल करतात, घट्ट करतात, चेन बदलून देतात. अख्ख्या गल्लीत कोण सुटलंय आणि कोण झडलंय, हे डॉक्टरच्या आधी काकूंना कळतं. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच राहतात, असं लोक म्हणतात. लोकांनी एकदा येऊन बघावं. माळ्यावर उंदीर, उंदरांसाठी साप, चौकटीत वाळवी, नळाशी गोम, वळचणीला गांधीलमाश्या आणि ओसरीवर एक म्हातारा कुत्रा, जो स्वतः निरुपद्रवी असला तरी गोचिडांची ने-आण करतो. रोज संध्याकाळी काकू चिमटा घेऊन पायरीवर बसतात. आधी कुत्रा तपासतात, मग मला. क्रम बदलून बघा म्हटलं, तर म्हणाल्या, "तो हलत नाही."

या सगळ्या गोतावळ्यात राहायची काकूंची एकच रीत. कुठंही हात घालायच्या आधी टकटक करायचं आणि "येतेय हं!" म्हणायचं. कपाट असो, लाकडांची खोली असो, बुटाची जोडी असो. साप आवाज ऐकतो की त्याला धक्का जाणवतो, यावर मी एकदा दोन शब्द बोलायला गेलो होतो. काकू म्हणाल्या, "तुम्ही अंघोळीला बसलात आणि मी न सांगता आत आले, तर चहा विचाराल का मला?" विषय संपला. महिन्याभरात मीही बुटाला टकटक करून "येतोय हं" म्हणू लागलो. वखारीत साहेबांच्या फायलीवर केलं, तेव्हा साहेबांनी मला दोन दिवसांची रजा देऊ केली.

रविवारच्या आदल्या दिवशी आमची तालीम झाली. चिरंजीव असेपर्यंत टकटक बंद. साप हा शब्द बंद. गोचीड दिसली तर तीळ म्हणायचं.

चिरंजीव एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहेत. म्हणजे जिथं काही झालेलं नाही तिथं काय होऊ शकतं, हे बघायचा त्यांना पगार मिळतो. ते गुडघ्यापर्यंत बूट, हातमोजे आणि बॅटरी अशा थाटात आले. आईला वाकून नमस्कार करताना बुटांमुळे गुडघे वाकेनात, तेव्हा तिरके झाले.

"बाळ्या, विहिरीत उतरणार आहेस का रे?" काकूंनी विचारलं.

"आई, चेष्टा नको."

त्यांनी न्हाणीघर पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, कुत्र्याचे कान पाहिले. कान मी सकाळीच साफ करून ठेवले होते. काहीच सापडेना. जेवणं झाली. चिरंजीव जरा सैलावले, बूट काढले. काकूंच्या चेहऱ्यावर रंग यायला लागला. "थंडी वाजतेय का रे? तुझा जुना स्वेटर आहे कपाटात," असं त्या म्हणाल्या मात्र, आणि मदतीला तत्पर असा मी उठलो, कपाटापाशी गेलो, टकटक केलं आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "येतोय हं!"

काकूंनी डोळे मिटून घेतले.

"कोणाला सांगताय?" चिरंजीवांनी विचारलं.

"कोणाला नाही. लाकूड ठोकून बघत होतो. वाळवीनं पोखरलंय का ते."

"वाळवी आहे?"

"छे! होती. गांधीलमाश्यांचं पोळं काढताना चौकट उघडली, तेव्हा दिसली."

"गांधीलमाश्या?"

"त्या बाहेरच्या बाजूला हो. आतल्या बाजूला गोमच काय ती."

मी आणखी बोलणार होतो, पण काकूंनी माझ्या हातात स्वेटर कोंबला आणि मला खाली बसवलं.

चिरंजीव ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "आई, तिकडे रात्री मला झोप लागत नाही गं. फोन वाजला की आधी चपला शोधायला लागतो."

"मला लागते इथं झोप," काकू म्हणाल्या. पण आवाजात दम नव्हता. मशीनवर अर्धी उसवलेली कोणाची तरी पँट पडली होती. तिची त्यांनी नीट घडी घातली. मग उठल्या. "दिलेला शब्द आहे. येते. कपडे भरायला ती लोखंडी पेटी लागेल. लाकडांच्या खोलीत आहे, आण जा."

खिडकी, मशीन, टोकाचं घर, सगळं माझ्या एका फोनापायी गेलं.

चिरंजीव मागच्या दारानं बॅटरी घेऊन निघाले. मी पाठोपाठ. खोलीच्या दाराशी ते थांबले. कडीला हात घातला, काढला. मग या बेचाळीस वर्षांच्या सुरक्षा अधिकाऱ्यानं दारावर टकटक केलं आणि अगदी लहान आवाजात म्हटलं, "येतोय हं."

आत गेले. बराच वेळ आवाज नाही. मग पाय न वाजवता उलटे चालत बाहेर आले, दार हलकेच ओढलं आणि पायरीवर येऊन बसले.

"पेटी?" काकूंनी आतून विचारलं.

"पेटीवर तो आहे."

"कोण तो?"

"आई, तुला माहीत आहे कोण ते. वेटोळं घालून पडलाय. मी आलो तर नुसतं डोकं उचललं आणि परत ठेवलं."

"मग उठव की."

"कशाला? काही करत नाहीये तो." असं म्हणताना ते स्वतःच चपापले. आईकडे बघितलं, झाडांकडे बघितलं, आणि बूट चढवायला लागले. चढवण्याआधी दोन्ही बूट उलटे करून पायरीवर आपटले. "मला सहाची गाडी आहे. तो उठला की फोन कर. मग बघू."

"करते हो," काकू म्हणाल्या.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. तिथं त्यांनी माझा हात धरला आणि आई ऐकत नाही ना, हे बघून म्हणाले, "फोन तुम्हीच उचलत जा. ती मला काही सांगत नाही." या घरात माझ्या जिभेची कदर करणारा पहिला माणूस भेटला, आणि तोही निघाला होता.

परत आलो तर काकू मशीनवर बसून ती पँट शिवत होत्या. मला राहवेना.

"काकू, खरं सांगा. साप पेटीवर आहे, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं ना?"

"माहीत नसतं, तर मीच गेले नसते का पेटी आणायला?"