मोठेबाबांची उघड्या टपाची गाडी

आपल्याकडची खोट समोरच्याने काढण्याआधी स्वतःच सांगून मोकळा होणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे मोठेबाबा, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मुलीला पाहायला पाहुणे आले तेव्हा पोह्यांच्या बशा पुढे करतानाच त्यांनी सांगून टाकलं, "पोरगी रागीट आहे. मग मले बोलू नका." मोठीआई आतल्या खोलीत कपाळाला हात लावून बसली. लग्न मात्र जमलं, आणि जावयाला तक्रारीला जागा उरली नाही.

असा हा सरळ माणूस निवृत्तीनंतर एका इंग्रजी गाडीच्या नादी लागला. खाप्याकडच्या एका खाणीवरच्या साहेबाच्या बंगल्यात ती धूळ खात पडली होती. हिरवी, दोनच माणसांची, वर कापडी टप, तोही फाटका. मोठेबाबांनी ती ट्रकवर लादून हुडकेश्वरच्या घरी आणली. जन्मभर सरकारी कचेरीत खर्डेघाशी केलेल्या माणसाने हातात पाना धरला आणि पोर्चमध्ये तिचे भाग सुटे करायला घेतले. कधी निघणार म्हणून कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "पोळ्यापर्यंत निघते गा." कोणत्या पोळ्यापर्यंत, हे विचारणं आम्ही पुढे सोडून दिलं.

घरची शेती कधीच गेली होती, बैल नव्हते. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी मोठेबाबा गाडीचे खांदे शेकत. पुढच्या दोन्ही मडगार्डांना तूप-हळद लावून पळसाच्या पानांनी चोळत आणि बैलांना सांगावं तसं सांगत, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी पुरणपोळी बॉनेटवर, आणि मग आठवडाभर तिथे मुंग्या. मोठीआई चिडायची, "मशीनले कोणी जेवू घालते का?" त्यावर ते म्हणत, "जे चालते त्याले भूक लागते वं." गाडी तोवर एक फूटही चालली नव्हती.

मग काचबिंदूने डोळे नेले. आधी एक, मग दुसरा. चाचपत चाचपत ते काम करत राहिले, आणि एका सकाळी स्वतःच काढून ठेवलेल्या गिअरबॉक्सला अडखळून पडले. मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यातून घरी आल्यावर मला म्हणाले, "बाबू, विकून टाक. पण जो चालवेल त्यालेच दे. तिले एकदा रस्ता दिसला पाहिजे." जाहिरातही त्यांनीच सांगितली. "दुरुस्तीसाठी विकणे आहे" एवढं लिहून मी थांबलो, तर म्हणाले, "थांबला काहून? लिही, तळाचा पत्रा सडला. लिही, ब्रेक नाही. लपवून राहिला का?"

इतकं वाचून कोण येणार? भंगारवाले आले, त्यांना फाटकातूनच वाटेला लावलं. पुण्याचा एकजण फोटो मागत राहिला आणि मग गप्प झाला. पोर्चमधून मोठेबाबांचा वॉकर निघेना, मोठीआई तर मेटाकुटीला आली होती. शेवटी वाडीच्या एका हॉटेलवाल्याला मी ती देऊन टाकली. त्याला ती दारापुढे चौथऱ्यावर मांडायची होती, लोकांनी बसून फोटो काढायला. इंजिन त्याने काढूनच टाकलं. मोठेबाबांना मी सांगितलं की रायपूरच्या एका मिस्त्रीने नेली, तो चालवणार आहे. याची लाज मला आजही वाटते.

त्यानंतर दर रविवारी मी गेलो की ते विचारत, "रायपूरचा फोन आला का गा?" आणि मी थापा मारी. कार्ब्युरेटर साफ झाला. ब्रेक बसले. पत्रा नवा टाकला. ते मान कलती करून ऐकत आणि सूचना देत, "चोक जास्त ओढू नको म्हणा त्याले." आषाढातल्या एका रविवारी मी धीर करून गाडी सुरू झाल्याचं सांगितलं. "आवाज कसा आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, घोगरा, पण एकसारखा. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. श्रावणात, पोळ्याला पंधरा दिवस असताना, ते गेले.

तेरवीचे पाहुणे पांगल्यावर मोठीआई माझ्याजवळ येऊन बसली. "तुले सांगू नको म्हणाले होते," ती म्हणाली. "उन्हाळ्यात कोणीतरी त्यायले सांगतलं, गाडी वाडीले हॉटेलापुढं उभी आहे म्हणून. ऑटो करून मले घेऊन गेले. बॉनेट उघडाले लावलं, आत हात घातला. आत काहीच नव्हतं."

"मग? काय म्हणाले?"

"तिथं काही नाही. ऑटोत बसल्यावर म्हणे, पोराले बोलू नको वं. लय मेहनत करून राहिला तो. होऊ दे त्याची गाडी सुरू."

पाहुण्यांच्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून मी ढसाढसा रडलो. गाडी मी सुरू केली ती आषाढात. माझा हात धरून ते बसले होते, तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं.