बेलार्मिनोभावजींचे हातमोजे

सात किलोमीटर चालून झाले होते, केयोन गाव अजून चार किलोमीटर लांब होतं, आणि बेलार्मिनोभावजींचं हातमोजेपुराण पहिल्याच अध्यायात होतं.

"वहिनी, मोजे म्हणजे थेरं. आमचा बाप उघड्या हातांनी बुडी मारायचा."

"आणि म्हातारपणी त्यांना सूप मी भरवायचे. चमचा धरता येत नव्हता."

हे माझे धाकटे दीर. तीस वर्षं चिलीतल्या आमच्या चिलोए बेटाच्या गारठलेल्या समुद्रात तळाशी जाऊन एरिसो, म्हणजे ते खायचे काटेरी गोळ्यांसारखे जीव, काढताहेत. वर बोटीत हवेचं मशीन मी सांभाळते, त्याच्या नळीवर त्यांचा श्वास चालतो. गेल्या हिवाळ्यात त्यांनी एक माप लहान मोजे घेतले. घट्ट असले की ऊब बाहेर जात नाही, हा शोध त्यांचाच. बोटं निळी पडली तेव्हा म्हणाले, मोज्याचा रंग उतरला. आजची बससुद्धा त्यांनीच सोडली. चाललं की हात गरम होतात म्हणे.

केयोनात पाणबुड्यांच्या सामानाच्या दुकानात मालकीण सेल्मिराबाईंनी मोज्यांच्या तीन जोड्या मांडल्या. पातळ मोजे दोन डुबक्यांत फाटतील म्हणून बाजूला पडले. मग तीनबोटी जाड मोजे.

"मी काय खेकडा आहे?"

"स्वभाव तर जुळतो," सेल्मिराबाई म्हणाल्या. "मग हे घ्या. पाचबोटी, जाड, मनगटाशी बंद. एक माप मोठे. आत रक्त फिरायला जागा नको का?"

भावजींनी मोजा चढवला, डोळे मिटले. बाईंनी हातात किल्ली ठेवली.

"बघा! काही कळत नाही. खाली गाळ उठला की सगळं चाचपून करायचं असतं. हातात वर यायची दोरी आहे की शेवाळ, हे कळायला नको? मारायचंय का मला?"

"मोजा काढा," मी म्हटलं. "आता मिटा डोळे."

मी जपमाळेचा लहानसा क्रूस त्यांच्या उघड्या बोटांत दिला. त्यांनी तो बराच वेळ फिरवला.

"किल्लीच," ते म्हणाले, आणि डोळे उघडले.

सेल्मिराबाईंना एकदम मागच्या फळीवरचं काहीतरी आठवलं. मोजे नापसंत करता येतात. हात कुठल्या दुकानात परत करणार?

भावजींनी मोठी जाड जोडी घेतली. घासाघीस न करता. जन्मात पहिल्यांदा.

परतताना पाच किलोमीटर ते एक शब्द बोलले नाहीत. या माणसाचं तोंड जरा बंद कर, असं मी देवाला कितीदा सांगितलं होतं. असं बंद कर म्हटलं नव्हतं. मी मनातल्या मनात माळ ओढत चालले.

चढावर ते थांबले.

"वहिनी, रोज मी खाली जायच्या आधी माझ्या हातात काहीतरी ठेवत जा. उघड्या हातात, डोळे मिटलेले असताना. मला ओळखता आलं नाही, तर मशीन सुरू करू नका. मी कितीही बोंबललो तरी."