मुकादमाचा नंबर

परळीतल्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या दारावर ‘डॉ. अस्मा जमील शेख’ अशी पाटी लागली, आणि पहिल्याच आठवड्यात खोकल्याचे, तापाचे पेशंट त्या दाराशी रांग धरून उभे राहिले. अस्मा प्रत्येकाला सांगायची, की मी औषध देणारी डॉक्टर नाही, माझी डॉक्टरकी नर्सिंगमधल्या अभ्यासाची आहे. लोक मान डोलवायचे आणि तरी जीभ बाहेर काढून दाखवायचे.

हॉस्पिटलचे ज्येष्ठ सर्जन डॉ. मुळे यांना याची मोठी गंमत वाटली.

“अस्माबाई, आता तुम्हीही डॉक्टर आणि मीही डॉक्टर. मग सुई कुणी टोचायची?”

“आजवर मीच टोचत होते, सर,” असं म्हणून अस्मा खुर्चीतून उठून उभी राहिली. डॉक्टर आत आले की नर्सनं उभं राहायचं, ही सवय वीस-बावीस वर्षांची. खुर्ची बदलली म्हणून पाय थोडेच ऐकतात.

अस्माचे वडील जमीलभाई स्टेशनाजवळ विजेच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतात, म्हणजे रिवाइंडिंग करतात. औष्णिक वीज केंद्राची राख दुकानातल्या तांब्याच्या तारेवर बसते, ती पुसत पुसत त्यांनी मुलीला अंबाजोगाईला नर्सिंगला घातलं. पुढचं तिनं नोकरी करता करता स्वतः केलं. आधी पदवी, मग मास्टर्स, मग पीएच.डी. प्रबंधाचा विषय होता, ऊसतोडीला जाणाऱ्या बायका आपलं दुखणं केव्हा सांगतात. त्यासाठी ती धारूरच्या घाटाकडच्या गावांत घरोघर बसली, भाकरी थापणाऱ्या बाईसमोर पाटावर. तिच्या हाती आलं ते असं: बाई जाण्याआधी दुखणं सांगत नाही, कारण मुकादम टोळीतून नाव काढेल. फडात सांगत नाही, कारण तिथं ऐकायला कुणी नाही. परत आल्यावर सांगते, तेव्हा उशीर झालेला असतो.

डॉक्टरेटची टोपी डोक्यावर आली आणि अस्मानं एमबीएचा फॉर्म भरला. हॉस्पिटल चालवायचं शिक्षण. मेट्रन म्हणून तिनं पाहिलं होतं, की वॉर्डाचे निर्णय ज्या खोलीत होतात तिथं नर्सला बोलावतात ते बहुतेक चहा सांगायला. त्या खोलीत बसायचं तर त्या खोलीची भाषा यायला हवी. दर रविवारी ती पहाटेच्या बसनं वर्गाला जायची.

“एक मोटार में दो वाइंडिंग कायकू, बेटा?” जमीलभाईंनी विचारलं होतं. घरात त्यांची दखनीच चालते.

“सिंगल फेज में दोच रहते ना, अब्बा. एक स्टार्टिंग का, एक रनिंग का.”

जमीलभाई हसले. त्यांच्याच धंद्यातलं उत्तर मिळाल्यावर ते वाद घालत नाहीत.

ट्रस्टचे अध्यक्ष पंडितअप्पा, कापडाचे व्यापारी. त्यांनी अस्माला खुर्ची दिली ती एका वर्षाच्या बोलीवर. दसरा-दिवाळीपासून अर्धा मुलूख उसाला निघून जातो आणि गुढीपाडव्यापर्यंत हॉस्पिटलच्या खाटा ओस पडतात. त्या भरून दाखवा, मग पुढचं बघू, असं अप्पांचं म्हणणं.

अस्मानं आपली दोन्ही शिक्षणं एकत्र आणली. बायका दुखणं लांबवतात, हे प्रबंधानं शिकवलं होतं. पेशंट परत यायला हवा तर त्याला आठवण करून द्यावी लागते, हे एमबीएनं. तिनं एक टेबल, एक फोन आणि स्वप्नाली नावाची गोड आवाजाची नर्स अशी व्यवस्था बसवली. पावसाळ्यात ज्या बायका दाखवून गेल्या आणि फेरतपासणीला फिरकल्या नाहीत, त्यांना फोन करायचा. गावाला जाण्याआधी येऊन जा म्हणायचं.

नवरात्र संपायच्या आत वॉर्ड भरला. पंडितअप्पा खूश झाले.

“गिऱ्हाईक दुकानात येईना तर दुकानानं गिऱ्हाइकाला हाक मारायची. हे मला इतक्या वर्षांत सुचलं न्हाई.”

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शहादेव आला. पस्तिशीचा, उंच, खांद्यावर टॉवेल. पाटीवरचं डॉक्टर वाचून तो जीभ दाखवायला आला नव्हता.

“सिस्टर, फोन करणाऱ्या तुमीच का?”

“कुठला फोन, दादा?”

“मुकादमाला केलता की. माझ्या मंडळीच्या पिशवीचा.”

अस्माला आधी कळलंच नाही. तिनं नाव विचारून त्याच्या बायकोचा, करिष्माचा, केसपेपर मागवला. अंगावरून जास्त जातं, गर्भाशयात गाठ असावी, पुन्हा तपासायचं, असं त्यावर होतं. फोन नंबरही होता.

“हा तुमचा नंबर नाही?”

“सटवा मुकादमाचा हाय. आमी त्याच्याच जीपमंदी आलतो. केसपेपरच्या खिडकीवरल्या बाईनं नंबर इचारला, त्यानं सांगितला. आमच्या अख्ख्या गावाचा त्योच नंबर हाय. आमचं रिचार्ज आज असतंय, उद्या नसतंय.”

स्वप्नालीनं आपल्या गोड आवाजात विचारलं होतं, करिष्माताईंच्या घरून बोलताय ना. सटवा मुकादम ‘हां’ म्हणाला होता. मग तिनं सगळं नीट समजावून सांगितलं होतं, आणि त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं होतं. संध्याकाळी त्यानं शहादेवला सांगितलं, तुझा कोयता यंदा नको. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई आजारी तर कोयता अर्धा, आणि अर्धा कोयता कुणी नेत नाही. दुसऱ्या मुकादमाकडे जावं तर मुकादम एकमेकांशी बोलतात.

“एक चिठ्ठी द्या,” शहादेव म्हणाला. “उद्या टोळी निघती.”

“काय लिहू?”

“बाई ठणठणीत हाय म्हणून.”

“आहेत का?”

शहादेवनं खिडकीबाहेर पाहिलं. “न्हाई. पण चिठ्ठीत समदंच कशाला लिवायचं? थोडं कमी लिवा.”

त्या खुर्चीत बसून चिठ्ठी लिहिणं अवघड नव्हतं. सहीपुढं डॉक्टर होतंच. मुकादमाला डॉक्टर आणि डॉक्टर यांतला फरक कळला नसता. अस्मानं पेन हातात धरलं आणि परत ठेवलं. “त्यांना घेऊन या,” एवढंच ती म्हणाली.

दुपारी करिष्मा आली. डॉ. मुळ्यांनी तपासलं. गाठ लहान होती, पिशवी काढायची काही गरज नव्हती. पण रक्त फार कमी होतं. गोळ्या घ्यायच्या आणि काही महिने ओझं उचलायचं नाही. उसाची मोळी तर नाहीच. मुळे बोलायला खोचक असले तरी निदानाला खरे, हे अस्माला माहीत होतं.

करिष्मा अस्मासमोर बसली. तिनं पदराचं टोक दुमडलं आणि उलगडलं.

“माझं दुखणं माझ्या आधी मुकादमाला कळलं,” ती म्हणाली. “मला तरी आधी सांगायचं व्हतं, बाई.”

मुकादमाला कळलं की नाव जातं, हे तिनंच लिहिलं होतं. प्रबंधासाठी ती घरात जाऊन बसली होती, तेव्हा फोनची गरजच पडली नव्हती. एमबीएच्या पुस्तकातली हॉस्पिटलं मोठ्या शहरांतली होती, तिथं प्रत्येक पेशंटच्या खिशात त्याचा स्वतःचा फोन होता. दोन्ही शिक्षणं बरोबरच होती. जोड देताना ती जोडाकडे बघायला विसरली.

संध्याकाळी ती सटवा मुकादमाकडे गेली. अंगणात ट्रॅक्टर उभा होता, त्यात पत्रे, पाटे, कोंबड्यांची डालगी चढत होती. सटवानं खाट टाकली, चहा सांगितला.

“मॅडम, माझ्यावर राग धरू नका. पार तिकडं कर्नाटकात बाई पडली तर उचलून न्यायची कुणी? मीच ना? तुमच्या नर्सबाईनं सांगितलं म्हणून बरं झालं. लई उपकार.”

“एका महिन्यानं त्यांना घेता येईल का?”

“टोळी एकदा निघाली की निघाली.” मग त्यानं कपबशी पुढं केली आणि सहज विचारलं, “बाकीच्या बायांचं बी कळवत जावा की. न्यायच्या आधी माहिती असलेली बरी.”

तो चहा अस्मानं पूर्ण प्यायला, कारण अर्धा ठेवणं वाईट दिसलं असतं.

घरी जमीलभाईंनी तिचा चेहरा पाहिला. “कौनसा वाइंडिंग जला?”

“जला नहीं, अब्बा. धुआँ निकला.”

दिवाळीनंतर ट्रस्टची बैठक झाली. पंडितअप्पांनी भरलेल्या वॉर्डाचं कौतुक करून सुरुवात केली, आणि अस्मानं मध्येच सांगितलं, की फोनचं टेबल बंद करायचं आहे. काय घडलं ते तिनं सरळ सांगितलं, आवाज न चढवता, वॉर्डात शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती देतात तसं.

“एक बाई राहिली,” अप्पा म्हणाले. “बाकीच्या आल्या ना?”

“आल्या त्या दिसल्या, अप्पा. किती जणींचं मुकादमांनी ऐकून घेतलं आणि त्यांना सांगितलंच नाही, ते आपल्याला दिसत नाही.”

“मी आधीपासून म्हणत होतो, फोन नकोत,” डॉ. मुळे म्हणाले.

“ओपीडीत गर्दी होते म्हणून म्हणत होतात, सर.”

मुळे स्वतःशीच हसले.

अस्माचं म्हणणं असं, की नर्सनं गावात जावं, बरोबर गावातलीच एक बाई घ्यावी, आणि जिचं दुखणं तिलाच तिच्या चुलीपाशी सांगावं. टोळ्या पाडव्याला परततात, काम तेव्हा सुरू होईल. तोवर हिवाळ्यात खाटा रिकाम्या राहतील, हेही तिनं सांगून टाकलं.

“हा तर बोहारणीचा धंदा झाला,” अप्पा म्हणाले. “दारोदार.”

“बोहारीण ओसरीपर्यंत जाते, अप्पा. कुणाच्या घरात काय फाटलंय ते तिला माहीत असतं.”

कापडाचा व्यापारी यावर हसला, पण हसून विरघळला नाही. फोन बंद झाले. अस्माला आणखी एक वर्ष मिळालं नाही, पुढच्या दसऱ्यापर्यंतचीच मुदत मिळाली. तोवर खाटा भरल्या नाहीत तर पाटी उतरेल, असं अप्पांनी स्वच्छ सांगितलं. व्यवहारात ते स्वच्छच आहेत.

मग ती करिष्माकडे गेली. गाव ओस पडलं होतं, म्हातारी माणसं आणि कुत्री तेवढी राहिली होती. शहादेव मिळेल त्या रोजावर जात होता. करिष्मा निंबाखाली तूर निवडत होती, चेहऱ्यावर थोडा रंग आला होता. अस्मानं नर्सबरोबर घरोघर जायचं काम सांगितलं.

“आधी टोळीतलं नाव घालवलं, आता नोकरी देता व्हय?”

“हो,” अस्मा म्हणाली.

करिष्मानं सूप खाली ठेवलं. “गावाला माझं समदं ठावं झालंच हाय. माझ्यापाशी लपवायला काय राहिलं? बाया मला सांगतील.” मग लगेच, “साडी मात्र तुमच्या दवाखान्यातल्या आयांसारखी पांढरी न्हाई नेसायची मी.”

हिवाळा जसा जायचा तसाच गेला. वॉर्डात पलंगांवर चादरी घडी घालून ठेवल्या होत्या, आणि पंडितअप्पा त्यांच्याकडे पाहत जायचे.

पाडवा झाला, टोळ्या परतल्या. एका सकाळी हॉस्पिटलच्या फाटकात सटवा मुकादमाची जीप येऊन थांबली. आतून करिष्मा उतरली, हिरव्या साडीत, आणि तिच्यामागं पाच बायका. पदर डोक्यावरून, एकीचा हात दुसरीच्या खांद्यावर. सटवा स्टिअरिंगवर बसून होता.

खिडकीवरच्या बाईनं सवयीनं विचारलं, “फोन नंबर?”

“नंबर लिवू नका,” करिष्मा म्हणाली. “निरोप माझ्याकडं द्या. मी जिचा तिला पोचवते.”

अस्मा बाहेर आली होती. तिनं जीपकडे पाहिलं. “मुकादमांना काय सांगितलंय?”

“त्योच इचारत व्हता वाटंनं, समद्यांला एकदमच काय झालंय म्हणून.” करिष्माच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. “म्हणलं, दात दुखतेत.”

पदरांमागं कुणीतरी फिसकन हसलं.

“मॅडम,” स्वप्नाली हळूच म्हणाली, “आपल्याकडे दातांचा डॉक्टरच नाही.”

“मुकादमांना माहीत आहे का ते?”

“नसावं.”

“मग त्यांना बाहेर सावलीत बसवा,” अस्मा म्हणाली, “आणि चहा द्या. पूर्ण कप द्या.” आणि ती बायकांना घेऊन आत गेली.