फ्री थ्रोचं उत्तर

तारीख २३ मार्च, शनिवार. रक्कम नऊशे साठ रुपये. हजर: आमच्या भूमच्या वाचनालयाचे अध्यक्ष, ग्रंथपाल शेख मॅडम, खजिनदार म्हणून मी, आणि कार्यकारिणीवर नसताना खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर बसून सगळं ऐकणारे माझे साडू. विषय: पुण्याहून येणाऱ्या बास्केटबॉलच्या मासिकाची वर्गणी पुढं चालू ठेवायची की नाही. एवढं इतिवृत्तात आहे. इतिवृत्तात नाही ते असं, की साऱ्या धाराशिव जिल्ह्यात बास्केटबॉलविषयी स्वतःचं मत असलेला माणूस एकच आहे आणि तो माझा साडू आहे. जिल्ह्यात बास्केटबॉल खेळणारे थोडेफार असतील. पण मत असणं वेगळं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही म्हणतो, आणि आता सगळा गावच म्हणतो. निवृत्त होईपर्यंत ते एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. गाड्यांची घोषणा करायचं काम त्यांच्याकडं होतं आणि साधी घोषणा त्यांच्या तोंडून कधी आली नाही. "भूम-बार्शी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे," इथं दुसरा कुणी थांबला असता. दाजी एक श्वास घेऊन पुढं सांगायचे, "वास्तविक ती एकवर लागायला पाहिजे होती." येरमाळ्याच्या यात्रेला जादा गाड्या सुटायच्या तेव्हा तर माणसं गाडी गेली तरी चालेल पण घोषणा पुरी ऐकू म्हणून थांबायची. वरिष्ठांनी एकदा समज दिली, की घोषणेत फक्त माहिती द्यावी. दाजींनी दुसऱ्या दिवशी फक्त माहिती दिली आणि शेवटी म्हणाले, "आजपासून फक्त माहिती मिळेल. हे बरोबर न्हाय."

बास्केटबॉल त्यांना सापडला तोही स्टँडवरच. कुणी प्रवासी एक मासिक गाडीत विसरला. हरवलेली वस्तू मालक येईपर्यंत जपून ठेवायची असा नियम, म्हणून कंडक्टरनं ते कंट्रोलरच्या टेबलावर आणून ठेवलं. मालक आला नाही. दाजींनी ते आठवडाभर जपलं, नंतर चाळलं, नंतर वाचलं आणि मग वाचनालयात येऊन शेख मॅडमना म्हणाले, "ह्याच्यातल्या एका माणसाचं चुकलंय. पुढचा अंक मागवा." मॅडमनी मागवला. तो माणूस म्हणजे त्या मासिकात 'रेषेबाहेरून' नावाचं सदर लिहिणारा लेखक. त्याचं चुकलंय हे दाजींचं मत पुढं अकरा वर्षं कायम राहिलं.

दाजींनी स्वतः तोवर चेंडूला हात लावलेला नव्हता. सारा खेळ ते छापील फोटोंवरून शिकले, आणि निवृत्तीनंतर शाळेच्या मैदानावरच्या एकुलत्या एक, बिनजाळीच्या रिंगखाली पोरांना शिकवूही लागले. फोटोत खेळाडू नेहमी हवेत असतो. त्यामुळं हवेत कसं असायचं हे दाजींना तंतोतंत माहीत: उजवा गुडघा वर, कोपर कानाजवळ, बोटं पसरलेली. "आन् तोंड उघडं ठेवा रे, समद्यांचं उघडंच असतंय!" पोरं तोंड उघडं ठेवून उडायची. एकानं विचारलं, "दाजी, खाली कसं यायचं?" दाजींनी विचार केला आणि खरं ते सांगितलं, "ते फोटोत न्हाय. ते तुमचं तुमी बघा." मधल्या जोडपानावरच्या फोटोत एक खेळाडू नेमका घडीवर यायचा आणि पिनांमध्ये दबून अर्धाच दिसायचा. त्याचं नेमकं काम काय हे दाजींना बरेच दिवस कळेना. तोवर आमच्या शाळेच्या संघात एक पोरगा मैदानाच्या मधोमध अंग चोरून उभा असायचा. त्याला सगळे 'पिनवाला' म्हणायचे.

मासिक दर महिन्याला यायचं, त्यामुळं त्यातल्या सामन्यांना तीन-तीन आठवडे उलटून गेलेले असायचे. दाजींना याचं वाईट वाटत नसे, उलट तेच पसंत होतं. "बातमी ताजी लागती, खजिनदार. मत मुरावं लागतं," असं ते मला सांगायचे. खजिनदार ही त्यांनी मला दिलेली हाक, घरीसुद्धा. अंक यायच्या आधी निकाल कानावर पडू नये म्हणून ते फार जपायचे. भूममध्ये राष्ट्रीय बास्केटबॉलचा निकाल कुणालाही माहीत नसायचा आणि माहीत करून घ्यायची कुणाची इच्छाही नव्हती, तरी मोबाइलच्या दुकानावरून जाताना दाजी उपरण्यानं कान झाकून घ्यायचे. येरमाळ्याला एका लग्नात माझ्या पुतण्यानं कौतुकानं मोबाइल काढून अंतिम सामन्याचा निकाल त्यांना सांगितला. दाजी पंगतीतून उठले. माझी बायको आणि मेहुणी, म्हणजे दाजींची बायको, मागं धावल्या. "अहो, बुंदी तरी खावा!" दाजी गाडीत जाऊन बसले होते. "त्यानं माझा सगळा महिना खाल्लाय," म्हणाले, "आता बुंदी कुठं ठेवू?"

'रेषेबाहेरून'च्या लेखकाशी त्यांचं भांडण होतं ते फ्री थ्रोवरून. सामन्यात कुणी धसमुसळेपणा केला, तर ज्याला लागलं त्याला रेषेवर उभं राहून एकट्यानं चेंडू टाकायला मिळतो. समोर अडवायला कुणी नसतं. दाजींचं म्हणणं, हा चेंडू दोन्ही हातांनी, गुडघ्यांपासून वर, खालून टाकावा. "पाव्हण्याला तांब्या देतो तसा. अलगद." पूर्वी काही मोठे खेळाडू असा टाकायचे आणि त्यांचे चेंडू जास्त पडायचे, असं दाजींनी त्याच मासिकात वाचलं होतं. दाजींनी तसं पत्रानं कळवलं, तर लेखकानं सदरात उत्तर दिलं, "भूमच्या वाचकांनी सुचवलेली पद्धत विहिरीतून बादली काढण्यासाठी उत्तम आहे." मग काय! दाजींची पत्रांवर पत्रं सुरू झाली. चार पानी पत्राच्या चार ओळी छापून यायच्या. त्याही ते कापलेल्या जागेसह मला वाचून दाखवायचे. "संपादकानं हातपाय तोडले, बोट तेवढं ठेवलंय. पण बोट बरोबर त्याच्याकडंच दाखवतंय."

मेहुणीचं दुखणं वेगळं होतं. "घरात पोरीच्या स्थळाबद्दल इचारलं तर म्हणत्यात, तुमी ठरवा. आन् त्या जाळीत चेंडू खालनं टाकावा का वरनं, ह्याच्यावर रातंदिस मत!"

तर २३ मार्च. अध्यक्षांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. नोंदवहीत त्या मासिकासमोर एकाच माणसाची सही होती, आणि स्पर्धा परीक्षांच्या मासिकांना मात्र पोरांच्या रांगा होत्या. मी आकडे मांडले. आकडे दाजींच्या विरुद्ध होते, पण ते माझे साडू आहेत म्हणून मी आकडे बदलू शकत नव्हतो. खिडकीतून आवाज आला, "खजिनदार बरोबर सांगतायत. पण अपुरं सांगतायत."

"काय अपुरं?" अध्यक्ष म्हणाले.

"एकच वाचक हाय हे खरं. पण सगळं वाचतोय. तुमच्या परीक्षेवाल्यातला एक तरी संपादकीय वाचतोय का, इचारा."

निर्णय शेवटी शेख मॅडममुळं झाला. "साहब, ती पोरं सकाळी येतात, संध्याकाळी जातात, तोंड उघडत न्हाईत," त्या म्हणाल्या. "दाजी यायचे बंद झाले तर मी दिवसभर कपाटाशी बोलू का?" ठराव मंजूर झाला. पुढच्या आठवड्यात नऊशे साठ रुपये पाठवले.

ऑगस्टचा अंक आला त्या दिवशी दाजी माझ्या घरी चपला न काढता आत आले. सदराच्या शेवटी दोन ओळी होत्या: भूमच्या वाचकांनी या वेळी विचारलेला प्रश्न महत्त्वाचा आहे, सविस्तर उत्तर सप्टेंबरच्या अंकात. या वेळी दाजींनी भांडण केलंच नव्हतं, नुसतं विचारलं होतं. खालून टाकणं सोपं, चेंडूही जास्त पडतात, तरी कुणी टाकत नाही, कारण दिसायला बरं दिसत नाही, लोक हसतात. मग समोर अडवणारं कुणीच नसतानासुद्धा माणूस अवघड तेच का धरून बसतो? मी पत्र वाचलं तेव्हा मला वाटलं, हे नुसतं बास्केटबॉलचं नाही. पण तसं मी बोललो नाही, आमच्यात तशी पद्धत नाही.

सप्टेंबरचा अंक आला नाही. ऑक्टोबरमध्ये एक पाकीट आलं. कागदाचे भाव, जाहिराती, वर्गणीदार यांची कारणं देऊन प्रकाशन थांबवल्याचं छापील पत्र आणि उरलेल्या सात अंकांचा पाचशे साठ रुपयांचा धनादेश. मी हिशेब तपासला, बरोबर होता. दाजींनी पत्र उलटं करून पाहिलं. मागं कोरं होतं.

"आन् उत्तर?" ते म्हणाले.

पुतण्यानं भरपाई म्हणून त्यांना मोबाइलवर एक जागा दाखवली, जिथं जगभरचे लोक खेळाबद्दल लिहितात. त्यानं दाजींचा प्रश्न तिथं टाकून दिला. संध्याकाळपर्यंत चाळीस जणांनी अंगठे दाखवले आणि तिघांनी हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे. दाजी बराच वेळ त्या अंगठ्यांकडं बघत राहिले. "हे वाचून कुणी चिडलं का न्हाय?" त्यांनी विचारलं. कुणी चिडलं नव्हतं. त्यांनी मोबाइल परत दिला.

त्यानंतर दाजी वाचनालयात यायचे, पण कट्ट्यावर बसून रस्ता बघायचे. मैदानावर जाणंही थांबलं. दिवाळीत मेहुणी माझ्यापुढं हात जोडून उभी राहिली. "भाऊजी, ते मासिक कुठूनबी आणा. आता भाजीत मीठ किती, झाडू कसा मारायचा, सगळ्यावर मत देतायत. पोरीची तीन स्थळं मोडली!"

पाचशे साठ रुपये वाचनालयाचे होते आणि नियतकालिकांच्या खात्यातले होते, दुसरीकडं वळवता येत नव्हते. मी तसं सभेत सांगितलं. खिडकीतून दाजी म्हणाले, "त्या लिहिणाऱ्याला द्या. उत्तराचं मानधन, आगाऊ."

"अहो, मासिक बंद पडलंय. छापणार कुठं?"

शेख मॅडमनी भिंतीवरच्या फळ्याकडं बोट केलं. महिन्याला एक मोठा कागद, हातानं लिहिलेला. भित्तिपत्रक हेही नियतकालिकच. अध्यक्षांनी माझ्याकडं पाहिलं. मी नियम आठवून पाहिले. आड येणारा एकही सापडला नाही.

डिसेंबरात मला मुलीच्या कॉलेजच्या कामासाठी पुण्याला जायचंच होतं, त्यामुळं प्रवासखर्च वाचनालयाच्या नावावर पडला नाही. पत्ता मासिकाच्या जुन्या कार्यालयाशी पत्रव्यवहार करून मिळवला होता. तिसऱ्या मजल्यावर एका उंच, वाकलेल्या गृहस्थांनी दार उघडलं. मी भूमहून आलोय म्हटल्यावर ते एक पाऊल मागं सरले.

"ते तुम्ही?"

"नाही. मी त्यांचा साडू."

त्यांना हायसं वाटलं. आत बसवून त्यांनी चहा दिला आणि विचारलं, दाजी कुठल्या संघातून खेळायचे. मी सांगितलं, एसटीत कंट्रोलर होते, खेळले कधीच नाहीत. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "अकरा वर्षं मला वाटत होतं, माझ्यावर डूख धरलेला कुणी जुना खेळाडू आहे," ते म्हणाले. "सदर बंद झालं त्यावर एक फोन आला नाही हो. शिव्या द्यायलासुद्धा नाही." मग अचानक उठले, सोफ्यावरची उशी दोन्ही हातांत धरली, गुडघे वाकवले आणि खालून वर टाकली. उशी कपाटावर जाऊन अलगद बसली. आम्ही दोघंही तिच्याकडं बघत राहिलो.

"मला अजून पटलेलं नाही," ते म्हणाले.

मी पैसे पुढं केले आणि कशाबद्दल ते सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. आवाज बदलला, कामाचा झाला. "किती शब्द हवेत?"

हे मला ठाऊक नव्हतं. मी दाजींना फोन लावला. पलीकडं स्टँडचा गलका ऐकू येत होता, म्हणजे दाजी कट्टा सोडून पुन्हा हिंडू लागले होते. मी प्रश्न सांगितला. घोषणेत घ्यायचे तसा एक श्वास ऐकू आला. मग दाजी म्हणाले, "मोकळं लिहा म्हणावं. आमच्याकडं कापत न्हाईत."

मी निरोप दिला. त्या गृहस्थांनी मान हलवली आणि खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

उत्तर अजून आलेलं नाही. फळ्यावर दर महिन्याला नवा कागद लागतो. खालच्या अर्ध्यात दाजींचं अक्षर असतं, वरचा अर्धा भाग ते मोकळा ठेवतात. परीक्षेवाल्या एका पोरानं तिथं क्लासची जाहिरात लावली, तर दाजींनी ती सोडवून त्याच्या हातात दिली. "जागा भरलेली हाय," म्हणाले, "मजकूर मुरतोय." संध्याकाळी ते मैदानावर असतात. परवा मी लांबून पाहिलं, कुणी नसताना रेषेवर उभे राहून दोन्ही हातांनी खालून टाकत होते. तोंड उघडं होतं.

हिशेबात नोंद अशी आहे: नियतकालिके या खात्यातून रुपये पाचशे साठ, 'रेषेबाहेरून'च्या लेखकांना, फ्री थ्रोच्या उत्तराचं आगाऊ मानधन, रोख दिले.