देवघरामागचा वरवंटा

प्रिय ईरा आणि नील,

ईरा, शाळेच्या सहलीत पाहिलेल्या त्या जुन्या शेतघरातली स्वयंपाकघरामागची खोली तू मला फोनवर दाखवलीस. इंग्लंडातून काळ्या पाण्याच्या शिक्षेवर तुमच्या ऑस्ट्रेलियात पाठवलेले कैदी तिथे नोकर म्हणून झोपायचे. सरकार त्यांना घरोघर वाटून द्यायचं. मालकाने अन्नवस्त्र द्यायचं, पगार नाही. मालकाने तक्रार केली की फटके. त्याने चांगला शब्द टाकला, तर लवकर सुटण्याची आशा. एवढं सांगून तू विचारलंस, "आजी, त्या घरातल्या लोकांना भीती नाही वाटायची?" मी विषय बदलला. कारण त्या वेळी माझ्याही स्वयंपाकघरामागच्या खोलीत अशीच एक बाई झोपत होती, आणि मला खूप भीती वाटत होती. आता सगळं सांगते.

माझी चक्कर वाढल्यावर डॉक्टरांनी एकटं राहायचं नाही असं बजावलं. तुमच्या बाबाला तिथून येणं शक्य नव्हतं. निराधार बायकांची संस्था चालवणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी मल्लव्वाला घेऊन आली. अक्कलकोटकडची, पन्नाशीची, हाडापेराने मोठी बाई. अंगावर हात टाकणाऱ्या दिराच्या डोक्यात तिने वरवंटा घातला होता, आणि तो मेला. बरीच वर्षं तुरुंगात काढल्यावर, वागणूक चांगली म्हणून तिला अटींवर सोडलं होतं. दर आठवड्याला चौकीत हजेरी द्यायची. कुठे काही वावगं झालं, तर परत आत. माहेर-सासर दोन्हींनी दार लावलं होतं. विद्यार्थिनीला नाही म्हणणं जमलं नाही, म्हणून मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं नव्हतं.

ती येण्याच्या आदल्या दिवशी मी पाट्यावरचा वरवंटा जुन्या टॉवेलात गुंडाळला आणि देवघरात, देव्हाऱ्यामागे नेऊन ठेवला. मल्लव्वाला सांगितलं, देवघर मी स्वतः झाडते, तिथे तू जायचं नाही. तिने मान हलवली. पाटा रिकामा पाहूनही तिने कधी काही विचारलं नाही. चटणी मिक्सरमध्ये वाटू लागली.

शेजारच्या सुमनताई रोज चौकशीला यायच्या. "काय हो, घरात वाघीण पाळलीय म्हणे?" असं भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायच्या. "चहा तरी आधी तिला प्यायला लावता का नाही?" मी हसायचे, पण चहाचा कप हातात घेतला की तेच मनात यायचं. रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसले, तरी कान मागे तिच्या पावलांकडे. आयुष्यभर केलेली पूजा, पण त्या दिवसांत देवाकडे पाठ करून बसल्यासारखी होत होती. खोलीत असले की आतून कडी. न्हाणीघरात गेले की तिथेही कडी. मल्लव्वा मात्र बंद दाराला कधी हात लावत नसे. बाहेर उभी राहून मी उघडायची वाट बघे. दार दुसऱ्याने उघडायचं, ही सवय तिला लागलेली होती.

सिद्धेश्वराच्या यात्रेतला अक्षता सोहळ्याचा दिवस होता. आख्खी गल्ली नंदीध्वजांची मिरवणूक बघायला गेली होती. मल्लव्वाची नेमकी हजेरी होती, ती चौकीत निघाली. घरात मी एकटी, म्हणून उलट जरा हलकं वाटलं. तरीही न्हाणीघरात जाताना सवयीने कडी घातलीच. आत डोळ्यांपुढे अंधार आला, पाय घसरला आणि डोकं नळाच्या कट्ट्यावर आपटलं.

शुद्धीवर आले तेव्हा गाल ओल्या फरशीवर होता आणि पाणी लालसर झालं होतं. हाक मारायला तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. वेशीकडून हलग्यांचा आवाज आणि "हर्र बोला हर्र"चा गजर येत होता. एवढी माणसं इतक्या जवळ, आणि मला कुणाला सांगता येत नव्हतं. गळ्यातलं लिंग मुठीत धरलं.

तेवढ्यात मल्लव्वाचा आवाज आला. "आजी? ओ आजी, कुटं हाय तुमी?" ती दारापाशी आली. दाराखालून बाहेर गेलेलं लालसर पाणी तिने पाहिलं असावं. मग तिची पावलं पळत लांब गेली. मला वाटलं, पळाली. पळेल नाही तर काय? आपण इथे मेलो तर बोट हिच्याकडेच जाणार.

पावलं परत आली आणि दारावर घाव पडू लागले. फळी फुटली आणि त्या भोकातून मला तिच्या हातातला काळा वरवंटा दिसला.

पोरांनो, खोटं लिहीत नाही. त्या क्षणी मला वाटलं, ही मला मारायलाच आली. आणि मग भ्यायचीही ताकद उरली नाही. मुठीतल्या लिंगाला मनात म्हटलं, आता तुझं तू बघ. असं इतक्या वर्षांत कधीच म्हटलं नव्हतं. नेहमी काहीतरी मागितलंच होतं.

तिने आत हात घालून कडी काढली, वरवंटा बाजूला टाकला आणि माझं डोकं मांडीवर घेऊन पदर जखमेवर दाबून धरला. "हाय मी, हाय मी," एवढंच म्हणत होती.

मिरवणुकीतून नुकत्याच परतलेल्या सुमनताई आवाज ऐकून धावत आल्या. फुटलेलं दार, रक्त, वरवंटा. "मारलं गं बाई, मारलं हिनं!" त्यांच्याबरोबर परतलेली चार माणसं आत घुसली, त्यांनी मल्लव्वाचे दंड धरले. कुणीतरी पोलिसांना फोन लावला. तिने सोडवून घ्यायचा प्रयत्नच केला नाही. फक्त माझ्याकडे बघत राहिली. तिचं उरलेलं आयुष्य माझ्या तोंडात होतं, आणि माझं तोंड मुकं होतं.

पुन्हा तो गजर ऐकू आला, या वेळी गल्लीच्या टोकावरून. आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "सोडा तिला. तिनं वाचवलंय मला." तो आवाज मला माझा वाटला नाही. डॉक्टर म्हणाले, धक्क्यानंतर वाचा अशी परत येते. येत असेल. मी वाद घातला नाही.

दवाखान्यात मी तिला विचारलं, हजेरी सोडून परत कशी आलीस?

"वेशीपाशी काठ्या आल्या की. देवाच्या काठ्या वलांडून जायाचं व्हय? म्हटलं, घरला जावं, हजेरी मागनं." काठ्या म्हणजे ते नंदीध्वज.

"आणि वरवंटा कुठे आहे, हे कसं कळलं?"

ती थोडं हसली. "माणसाला ज्याचं भ्या वाटतंय, ते माणूस देवापाशीच नेऊन ठिवतंय की, आजी. पर त्यो दगड हातात घेताना माझं हात कापत हुतं बघा."

मी भीती देवापाशी नेऊन ठेवली होती खरी, पण त्या भीतीवरचं लक्ष काढलं नव्हतं. ठेवून मोकळं होणं त्या ओल्या फरशीवर जमलं, तेही दुसरा इलाज उरला नाही तेव्हा. तेवढंसुद्धा देवाला पुरलं, याचं मला रोज नवल वाटतं, आणि डोळे भरून येतात.

हजेरी चुकल्याचं मी स्वतः चौकीत जाऊन सांगितलं. वरवंटा पाट्यावर परत आला. आता देवघर मल्लव्वाच झाडते. न्हाणीघराला नवं दार बसवलं, त्याला कडी लावली नाही.

ईरा, त्या शेतघरात पुन्हा गेलीस, तर त्या मागच्या खोलीत जरा वेळ उभी राहा. तू घरातल्या लोकांच्या भीतीबद्दल विचारलं होतंस. अशा खोलीत झोपणाऱ्या माणसाला किती भीती वाटत असेल, हे आपल्या दोघींच्याही मनात आलं नव्हतं.

तुमची आजी